खोबणीच्या चार भिंती : थायरॉईडमुळे बाहेर आलेले डोळे आणि शस्त्रक्रियेचा इतिहास

डोळ्यांवरून मन ओळखण्याची सवय मराठी भाषेतच मुरलेली आहे. रागावलेला माणूस डोळे वटारतो, चकित झालेला डोळे विस्फारतो, घाबरगुंडी उडालेल्याचे डोळे पांढरे होतात. या साऱ्या वाक्प्रचारांमागे एकच गृहीतक आहे : डोळ्यांची ठेवण ही आतल्या भावाची खूण होय. थायरॉईड ग्रंथीशी निगडित असलेल्या एका विकारात हे गृहीतक कोलमडते. रुग्ण रागावलेला नसतो, तरी त्याचे डोळे वटारलेले असतात. तो भ्यालेला नसतो, तरी बुबुळाच्या वरचा पांढरा भाग सतत दिसत राहतो. समोरचा माणूस मात्र जुन्याच सवयीने तो चेहरा वाचतो, आणि चुकीचा वाचतो.

बाहेर आलेला हा डोळा पुन्हा खोबणीत बसावा म्हणून शल्यविशारदांनी सव्वाशेहून अधिक वर्षे जे प्रयत्न केले, त्यांचा मागोवा येथे घेण्याचा विचार आहे. आम्हांस हा इतिहास दोन कारणांनी लक्षणीय वाटतो. एक तर यात रोगाचे कारण उमगण्याच्या कितीतरी आधी उपाय सापडला. दुसरे असे की, शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी करावयाची, दृष्टी वाचवण्यासाठी की हरवलेला चेहरा परत मिळवून देण्यासाठी, हा प्रश्न या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहतो आणि त्याचे उत्तर काळानुसार बदलत जाते.

हाडांची पेटी

प्रथम थोडी शरीररचना पाहू. डोळ्याची खोबण ही हाडांची, समोरून उघडी अशी शंकूच्या आकाराची पेटी आहे. प्रौढ माणसात तिची धारणक्षमता सुमारे ३० मिलिलिटर असते. त्यांपैकी नेत्रगोल केवळ ७ मिलिलिटरच्या आसपास जागा घेतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मागच्या निमुळत्या टोकातून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू असतो. पेटीला चार भिंती आहेत. वरच्या छतापलीकडे मेंदू आहे. खालच्या तळाखाली गालाच्या हाडातील हवेची पोकळी, म्हणजे सायनस आहे. नाकाकडची आतली भिंत कागदासारखी पातळ आहे; शरीरशास्त्रज्ञांनी तिला लॅटिनमध्ये नावही ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचे दिले आहे. तिच्याही पलीकडे हवेच्या बारीक बारीक कोठड्या आहेत. कानशिलाकडची बाहेरची भिंत मात्र जाड आणि भक्कम आहे.

थायरॉईडच्या या विकारात खोबणीतील स्नायू आणि चरबी सुजतात. हाडे हलत नाहीत, त्यामुळे वाढलेल्या ऐवजाला समोरच्या उघड्या बाजूखेरीज वाट नसते. केवळ ४ मिलिलिटर वाढ झाली तरी डोळा सुमारे ६ मिलिमीटर पुढे येतो, असा हिशेब अभ्यासकांनी मांडलेला आहे. डोळा पुढे आला की पापण्या मिटेनाशा होतात, समोरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर जखमा होतात. सुजलेले स्नायू आखडतात आणि एकाचे दोन दिसू लागतात. काही थोड्या रुग्णांत सुजलेले स्नायू खोबणीच्या मागच्या टोकाशी दृष्टीच्या मज्जातंतूला आवळतात. तेव्हा अंधत्वाचा धोका उभा राहतो. यात विरोधाभास असा की, ज्याचा डोळा फारसा पुढे येत नाही त्याचाच मज्जातंतू कधी कधी अधिक आवळला जातो, कारण आतल्या दाबाला वाटच मिळत नाही. डोळे बाहेर येणे हा एका अर्थी शरीराने स्वतःच केलेला दाबमुक्तीचा प्रयत्न आहे. पुढे शल्यविशारदांनी जे केले ते याच तत्त्वावर : समोरची वाट पुरत नसेल तर पेटीची एखादी भिंत काढावी आणि फुगलेल्या ऐवजाला शेजारच्या पोकळीत जागा करून द्यावी.

वर्णन कोणाचे, नाव कोणाचे

रोगाच्या नावाचा इतिहासही थोडा वादाचाच आहे. इंग्लंडमधील बाथ या गावचे वैद्य केलेब हिलियर पॅरी यांनी १७८६ मध्ये ३७ वर्षांची एक स्त्री पाहिली. तिचा गळा सुजलेला होता, हृदय धडधडत होते आणि डोळे खोबणीतून बाहेर आले होते. पॅरी यांनी अशा आणखी काही रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. एक तरुण मुलगी चाकांच्या खुर्चीतून उतारावर फेकली गेली आणि त्या भीतीनंतर तिचा आजार सुरू झाला, अशीही एक नोंद त्यांत आहे. परंतु या टिपणांचे प्रकाशन १८२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी झाले. पॅरी यांच्या मते मूळ दुखणे हृदयाचे होते.

डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये धडधड आणि गळ्याची सूज एकत्र असलेल्या स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एकीचे डोळे इतके मोठे भासत की झोपेतही पापण्या मिटत नसत. १८४० मध्ये जर्मनीतील मेर्सेबुर्ग येथील कार्ल फॉन बासेडॉ यांनी गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे अशी तिन्ही लक्षणे एकत्र बांधली. बासेडॉ यांच्या लेखाचे शीर्षकच मोलाचे आहे. खोबणीतील ऊतींच्या वाढीमुळे होणारा नेत्रोत्सेध, असा त्याचा आशय. म्हणजे डोळा स्वतः मोठा होत नाही, त्याच्या मागचा ऐवज वाढतो, हे त्यांनी जाणले होते. ग्रेव्ह्ज यांना डोळा मोठा झालेला ‘भासला’, बासेडॉ यांनी त्यामागची जागा पाहिली. आजही इंग्रजी जगात हा रोग ग्रेव्ह्ज यांच्या नावाने आणि जर्मन जगात बासेडॉ यांच्या नावाने ओळखला जातो. विल्यम ऑस्लर यांनी पॅरी यांचा हक्क पुढे मांडून पाहिला, पण तो रुजला नाही. नावाचा मान कोणालाही मिळो, शस्त्रक्रियेच्या दृष्टीने बासेडॉ यांची खोबणीकडे गेलेली नजर अधिक कामाची ठरली, असे आम्हांस वाटते.

ज्यांना उपाय नव्हता

ही नजर उपाय बनण्यास सत्तर वर्षे लागली. त्या सत्तर वर्षांत ज्यांना हा रोग झाला त्यांच्यात इंग्रजी कवयित्री ख्रिस्तिना रोझेटी होती. तिचा भाऊ दांते गॅब्रिएल रोझेटी याने आपल्या प्रारंभीच्या दोन चित्रांत कुमारी मेरीसाठी तिलाच समोर बसवले होते. १८४८ ते १८५० या काळातील ही चित्रे आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. त्यांत दिसते ती खाली झुकलेल्या, शांत डोळ्यांची सडपातळ मुलगी. १८७१ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, तिला ग्रेव्ह्जचा विकार जडला. डोळे बाहेर आले, केस गळले, त्वचेचा रंग पालटला. ती बरी झाली, १८९४ पर्यंत जगली आणि लिहीत राहिली. पण तिच्या रूपातला बदल भोवतालच्यांच्या डोळ्यांवर आला आणि चरित्रकारांनाही त्याची नोंद घ्यावी लागली.

एका चेहऱ्याची अशी आधीची आणि नंतरची साक्ष क्वचित मिळते. ज्या मुद्रेतून एका चित्रकाराने विनम्रता दाखवली, त्याच मुद्रेवर रोगाने भयाचा किंवा क्रोधाचा मुखवटा चढवला. स्वभाव तोच होता. वैद्यकाजवळ त्या वेळी अशा डोळ्यांसाठी विश्रांती, शेक, मलमे, आणि फारच झाले तर पापण्यांचे कोपरे एकमेकांस शिवून डोळा झाकण्याची युक्ती, एवढेच होते.

दोन आडवाटा : मानेचा मज्जातंतू आणि गळ्याची ग्रंथी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया खोबणीकडे वळण्याआधी दोन आडवाटांनी गेली. पहिली वाट मानेची. क्लोद बेर्नार यांच्या १८५० च्या दशकातील प्रयोगांपासून हे ठाऊक झाले होते की, मानेतील अनुकंपी मज्जातंतू छेदला की त्या बाजूची पापणी खाली येते आणि बाहुली आकुंचित होते. तोच उत्तेजित केला तर उलटे घडते. मग बाहेर आलेले डोळे म्हणजे याच मज्जातंतूचा अतिरेक असणार, असा तर्क स्वाभाविक होता. १८९६ मध्ये लियाँचे मात्यू झाबुले आणि बुखारेस्टचे तोमा योनेस्कू यांनी या विकारावर मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. पापणी खाली येई, डोळा थोडा कमी भेसूर दिसे. पण खोबणीतील सूज जिथल्या तिथेच राही. तर्क अर्धा खरा होता. वर ओढलेल्या पापणीत या मज्जातंतूचा वाटा आहेच. डोळा पुढे येण्याचे कारण मात्र वेगळे आहे. आज पापण्यांची शस्त्रक्रिया स्वतंत्र टप्पा म्हणून केली जाते, त्यामागे हाच भेद आहे.

दुसरी वाट गळ्याची. १८८६ मध्ये पाउल म्यॉबियस यांनी हा रोग थायरॉईडच्या अतिक्रियेचा असल्याचे मत मांडले आणि ग्रंथी कापून काढण्यास तात्त्विक आधार मिळाला. बर्नचे थिओडोर कोखर यांनी थायरॉईडची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेनिनची पत्नी नाडेझ्दा क्रुप्स्काया ही त्यांच्या रुग्णांपैकी एक; १९१३ मध्ये बर्न येथे कोखर यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. भूमिगत कार्यात तिची जी टोपणनावे होती त्यांतील एकाचा अर्थ ‘मासा’ असा होता, आणि ते तिच्या डोळ्यांशी जोडून सांगण्याची प्रथा पडली आहे. शस्त्रक्रियेनंतर ती १९३९ पर्यंत जगली. पण उत्तरायुष्यातील छायाचित्रांत डोळ्यांचा तो उभार दिसतोच.

यातील धडा कडवट होता. ग्रंथी ताळ्यावर आली तरी डोळे ताळ्यावर येतीलच असे नाही. काहींचे डोळे तर ग्रंथी काढल्यावर अधिकच बाहेर आले. आज आपण जाणतो की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्रंथीवर आणि खोबणीतील ऊतींवर एकाच वेळी चाल करते. दोन्ही एकाच रोगाची दोन क्षेत्रे आहेत, एकाची दुसऱ्यावर सत्ता नाही. थायरॉईडची पातळी अगदी योग्य असतानाही डोळ्यांचा विकार होऊ शकतो. १९१० मध्ये हे कोणास ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच की, रुग्णाचा गळा बरा झाला आहे आणि डोळा सडू लागला आहे.

भिंतीमागून भिंत

येथून खरा इतिहास सुरू होतो. झुरिकचे रुडॉल्फ क्रोनलाइन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस खोबणीतील गाठी काढण्यासाठी एक मार्ग वर्णिला होता : कानशिलाकडच्या भिंतीचा तुकडा उघडावयाचा, आतली गाठ काढावयाची आणि भिंत परत बसवावयाची. १९११ मध्ये बुडापेस्टचे युलियस डोलिंगर यांनी हाच मार्ग बासेडॉच्या रोगासाठी वापरला. फरक इतकाच की, त्यांनी भिंत परत बसवली नाही. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘दाबमुक्ती’ हा शब्द आहे आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला झालेल्या इजेचाही उल्लेख आहे. हेतू स्पष्ट होता : उघडा पडून नासत चाललेला डोळा वाचवणे. रोगाचे कारण शोधण्याच्या भानगडीत न पडता, पेटीत जागा कमी आहे एवढ्या एका यांत्रिक सत्यावर ही शस्त्रक्रिया उभी होती. आजही ती त्याच सत्यावर उभी आहे.

डोलिंगर यांचे अनुकरण लगेच झाले नाही. १९२० मध्ये लंडनचे फॉस्टर मूर यांनी हाडाला हात न लावता खोबणीतील चरबी काढून पाहिली. तो विचारही पुढे सत्तर वर्षे जवळजवळ निद्रिस्त राहिला. मग १९३० ते १९३६ या अल्पकाळात उरलेल्या तिन्ही भिंती एकामागून एक पडल्या. १९३० मध्ये व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श यांनी खोबणीचा तळ काढून ऐवज गालाच्या सायनसमध्ये उतरवला. १९३१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे हॉवर्ड नॅफ्झिगर यांनी कवटी उघडून खोबणीचे छत काढले. १९३६ मध्ये एडवर्ड सेवॉल यांनी नाकाकडची पातळ भिंत काढण्याचा मार्ग मांडला.

या क्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. हिर्श हे नाकाचे शल्यविशारद; नाकाच्या वाटेने पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोचण्याच्या शस्त्रक्रियेचे ते एक आद्य प्रवर्तक. सायनस हा त्यांचा रोजचा मुलूख होता. नॅफ्झिगर हे मेंदूचे शल्यविशारद, हार्वे कुशिंग यांचे शिष्य; कवटी उघडणे हा त्यांचा परिपाठ. सेवॉल हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. डोलिंगर हे हाडांच्या शस्त्रक्रियेत मुरलेले. म्हणजे ज्याच्या घराला जी भिंत लागून होती, ती त्याने पाडली. नेत्रतज्ज्ञ, ज्यांच्या दारात हा रुग्ण प्रथम येई, ते या पहिल्या फळीत जवळजवळ नाहीत. वैद्यकात रोगाच्या स्वरूपाइतकाच वैद्याचा हातखंडा उपचार ठरवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

तथापि ही टीका फार ताणणे अन्यायाचे होईल. नॅफ्झिगर यांनी छत काढले ते केवळ सवयीने नव्हे. ग्रंथी काढल्यानंतर वाढत गेलेला नेत्रोत्सेध हा त्यांच्या लेखाचा विषय होता. छत उघडल्यावर त्यांना डोळ्याचे स्नायू कित्येक पट सुजलेले प्रत्यक्ष दिसले, आणि मागच्या टोकाशी आवळलेला मज्जातंतू मोकळा करणे त्या वाटेने शक्य झाले. बासेडॉ यांनी जे तर्काने म्हटले होते त्याला येथे डोळ्यांदेखत पुरावा मिळाला. किंमतही मोठी होती. छत गेल्यावर मेंदूचे ठोके थेट डोळ्यापर्यंत पोचत आणि नेत्रगोल नाडीबरोबर हलू लागे. पेनिसिलिनपूर्व काळात मेंदूच्या आवरणाजवळ उघडलेली जखम ही स्वतःच एक जोखीम होती. ज्याला एरवी मृत्यूचे भय नव्हते, त्याच्या डोळ्यासाठी कवटी उघडावी काय, हा प्रश्न त्या पिढीला पडल्याशिवाय राहिला नसेल.

ओठाखालची वाट आणि तिची किंमत

या कोंडीतून वाट काढली ती अमेरिकेतील सेंट लुईस येथील थिओडोर वॉल्श आणि जपानी वंशाचे अमेरिकन शल्यविशारद जोसेफ ओगुरा यांनी. १९५७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर छेद घेऊन गालाच्या सायनसमध्ये शिरावयाचे आणि तेथून खोबणीचा तळ व आतली भिंत दोन्ही काढावयाच्या. कवटी उघडावी लागत नाही, चेहऱ्यावर व्रण राहत नाही, आणि दोन भिंती गेल्याने डोळा बराच मागे जातो. पुढील तीन दशके अमेरिकेत हीच पद्धत प्रमाण ठरली. मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये या पद्धतीच्या ४२८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, यावरून तिचा प्रसार लक्षात यावा.

परंतु तळ आणि आतली भिंत दोन्ही एकदम गेल्या की डोळा व त्याचे स्नायू खाली आणि नाकाच्या बाजूला सरकतात. परिणामी ज्यांना आधी नीट एकच दिसत होते, त्यांतील अनेकांना शस्त्रक्रियेनंतर दुहेरी दिसू लागले. ज्याची दृष्टी जाणार होती त्याला हा सौदा परवडणारा होता. ज्याला केवळ आपला चेहरा परत हवा होता, त्याच्यापुढे मात्र विचित्र निवड उभी राहिली : आरशात दिसणारा चेहरा नीट हवा, की जिना उतरताना दिसणारी पायरी एकच हवी?

केव्हा कापावे

इतका वेळ आपण ‘कोठे’ कापावे याचा विचार केला. ‘केव्हा’ हा प्रश्न सोडवण्यास ऑस्ट्रेलियन शल्यविशारद फ्रान्सिस रंडल यांचे काम उपयोगी पडले. १९४५ मध्ये रंडल आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी रुग्णांची कालानुक्रमे मोजमापे घेऊन दाखवले की, हा विकार आधी चढत जातो, मग शिखर गाठतो, थोडा उतरतो आणि स्थिरावतो. पण पूर्वस्थितीला पुरता येत नाही. ही रेषा आज रंडल यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिला काळ दाहाचा, पेटलेल्या आगीचा. दुसरा काळ विझलेल्या आगीच्या खुणांचा. आग पेटलेली असताना औषधे द्यावीत, खुणा उरल्यावर चाकू हाती घ्यावा; दृष्टी धोक्यात असेल तरच हा नियम मोडावा. नियम साधा वाटतो, परंतु या प्रतीक्षेचा अर्थ रुग्णाच्या बाजूने पाहिला तर वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ परक्या चेहऱ्याने वावरणे असा होतो.

कारणांचा शोध दरम्यान चालूच होता. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथे ॲडम्स आणि पर्व्हस यांना रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ चेतवणारा एक घटक सापडला. पुढे तो प्रतिपिंड असल्याचे सिद्ध झाले आणि हा रोग स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या संरक्षक यंत्रणेचा आहे, हे प्रस्थापित झाले. धूम्रपानाने डोळ्यांचा विकार बळावतो, हेही निःसंशय ठरले. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि नॅफ्झिगर यांना जे कवटी उघडून पाहावे लागले, ते पडद्यावर दिसू लागले. तोवर मुख्य आधार होता तो १९०५ मध्ये एर्न्स्ट हेर्टेल यांनी तयार केलेल्या आरशांच्या मापकाचा. खोबणीच्या बाहेरच्या हाडावर तो टेकवून डोळा किती मिलिमीटर पुढे आहे हे मोजतात. आजही तो रोजच्या वापरात आहे. गंमत अशी की, शस्त्रक्रियेत बाहेरच्या भिंतीची कडाच काढली तर मापकाला टेकण्यास जागा उरत नाही.

तोल साधण्याचा काळ

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या शस्त्रक्रियेचे रूप पालटले. १९८९ मध्ये लिओन आणि सहकाऱ्यांनी आतली व बाहेरची अशा समोरासमोरच्या दोन भिंती काढून तोल साधण्याची कल्पना मांडली. डोळा एका बाजूस ओढला न जाता सरळ मागे जावा आणि दुहेरी दिसण्याचा धोका कमी व्हावा, हा त्यामागील विचार. १९९० मध्ये डेव्हिड केनेडी आणि सहकाऱ्यांनी नाकातून दुर्बीण घालून आतली भिंत काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मज्जातंतू जेथे आवळला जातो ते खोबणीचे मागचे टोक या वाटेने थेट दृष्टीच्या टप्प्यात आले. १९९१ मध्ये जर्मनीतील नेव्हन ओलिवारी यांनी पापणीतून केवळ चरबी काढण्याच्या १४७ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि फॉस्टर मूर यांच्या जुन्या कल्पनेला नवे आयुष्य मिळाले.

या पद्धतींनी एकमेकींना हुसकावून लावले नाही. शल्यविशारद रुग्णाचा स्कॅन पाहून ठरवतो की, येथे चरबी अधिक आहे की स्नायू, मज्जातंतू धोक्यात आहे की केवळ डोळा पुढे आहे. आणि त्यानुसार एक, दोन वा तीन भिंती व चरबी यांची निवड करतो. छत मात्र आता सहसा कोणी काढत नाही. क्रमही ठरून गेला आहे : आधी खोबणीची दाबमुक्ती, मग स्नायूंवर शस्त्रक्रिया करून तिरळेपणा व दुहेरी दिसणे यांवर उपाय, आणि शेवटी पापण्या. आधीचा टप्पा पुढच्याचे गणित बदलतो म्हणून हा क्रम. नेत्रतज्ज्ञ, नाकाचे तज्ज्ञ आणि अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, ही अपेक्षाही आता रूढ झाली आहे. जोखीम अर्थात संपलेली नाही : गाल बधिर होणे, सायनसचा त्रास, मेंदूभोवतीचे पाणी नाकावाटे झिरपणे, दुहेरी दिसणे, आणि क्वचित, फार क्वचित, दृष्टी जाणे.

चेहरा हा चैनीचा विषय आहे काय?

आता आम्ही आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येतो. डोलिंगर यांनी भिंत काढली ती नासणारा डोळा वाचवण्यासाठी. नॅफ्झिगर यांनी कवटी उघडली ती अंधत्व टाळण्यासाठी. जोखीम जसजशी कमी झाली तसतशी ही शस्त्रक्रिया ज्यांची दृष्टी शाबूत आहे पण चेहरा बदलला आहे, त्यांच्यासाठीही होऊ लागली. अशा वेळी तिला ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ म्हणण्याचा मोह होतो. विमा देणाऱ्यांना तर तो विशेष होतो. तज्ज्ञांमध्ये मात्र ‘पुनर्वसन’ हा शब्द रूढ झाला आहे. आमच्या मते हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. सौंदर्यशस्त्रक्रियेत माणूस जे नव्हते ते मागतो. येथे जे होते आणि रोगाने नेले, तेवढेच परत मागतो. भाजलेल्या चेहऱ्यावर त्वचारोपण करताना आपण हा प्रश्न विचारत नाही. मग तो येथेच का विचारावा?

यावर एक आक्षेप संभवतो. चेहऱ्याविषयीची समाजाची दृष्टी बदलावी, रुग्णाची हाडे का तोडावीत? इंग्लिश विनोदी नट मार्टी फेल्डमन (१९३४–१९८२) याचे उदाहरण येथे दिले जाते. थायरॉईडच्या विकाराने बाहेर आलेले त्याचे डोळे हीच त्याची ओळख ठरली. १९७४ च्या ‘यंग फ्रँकेनस्टाइन’ या चित्रपटातील त्याची कुबड्या नोकराची भूमिका त्या डोळ्यांवाचून कल्पिता येत नाही. परंतु या उदाहरणातच उत्तर दडलेले आहे असे आम्हांस वाटते. फेल्डमनला ते डोळे विनोदासाठी वापरता आले, कारण पाहणाऱ्याला ते पाहताक्षणी विक्षिप्त वाटत होते. ज्याचा व्यवसाय विनोदाचा नाही, जो शाळेत शिकवतो, बँकेच्या खिडकीत बसतो किंवा जिचे लहान मूल तिच्याकडे पाहून ‘आई, तू रागावलीस का?’ असे विचारते, तिला हा मुखवटा कामाचा नाही. समाजाची दृष्टी बदलण्याची वाट पाहण्यास तिला भाग पाडणे हा न्याय नव्हे.

इतिहासाचा शेवटचा टप्पा चाकूचा नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी टेप्रोटुमुमॅब या औषधास या विकारासाठी मान्यता दिली. मुळात कर्करोगासाठी तयार झालेले हे प्रतिपिंड खोबणीतील पेशींवरील एका ग्राहकाला अडवते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांचा डोळा किमान २ मिलिमीटर मागे गेला. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. हाड न तोडता डोळा मागे जाऊ शकतो, हे प्रथमच इतक्या ठामपणे दिसले. पण औषध अत्यंत महाग आहे, काहींची श्रवणशक्ती त्याने कमी होते, रक्तातील साखर वाढते, आणि ते थांबवल्यावर काहींचा विकार उलटतो. शस्त्रक्रियेची गरज त्याने संपलेली नाही. ती किती जणांना लागेल, एवढेच बदलेल.

डोलिंगर यांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. जागा कमी आहे हे ठाऊक होते, आणि तेवढ्यावर त्यांनी डोळे वाचवण्याचा मार्ग दाखवला. आज कारण बरेचसे ठाऊक आहे, औषधही हाती आले आहे. तरीही ज्या रुग्णाची आग विझून केवळ खुणा उरल्या आहेत, त्याच्यासाठी १९११ चीच युक्ती, अधिक नेमक्या हातांनी, वापरावी लागते. ख्रिस्तिना रोझेटीच्या वाट्याला ती आली नाही. ज्यांच्या वाट्याला येऊ शकते, त्यांना ‘दृष्टी तर शाबूत आहे ना, मग कशाला?’ असे विचारून परत पाठवू नये, एवढेच या इतिहासातून आम्हांस सुचवावयाचे आहे.